वाघिणीला वाट, धरणग्रस्ताला वाटाण्याच्या अक्षता

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात ताडोब्याच्या जंगलातील एक वाघीण सह्याद्रीत आणण्यात आली. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र ओलांडून, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा घालून ती चांदोलीस पोहोचली. तिच्यासाठी कुंपण घातलेले आवार अगोदरच सिद्ध होते. तिने काय खावे, कोठे विसावावे, नव्या मुलुखाची तिला सवय कशी व्हावी, याचा विचार दिल्लीपासून कोल्हापूरपर्यंतच्या कचेऱ्यांनी केलेला होता. पुनर्वसन म्हणतात ते हेच! आधी जागा, मग स्थलांतर. आणि स्थलांतरानंतरही रोजची विचारपूस.

याच सह्याद्रीच्या कुशीत, कोयनानगर येथे, २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनेचे धरणग्रस्त स्त्रीपुरुष उघड्यावर ठाण मांडून बसले होते. श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली ते बसले होते, आणि त्यांची मागणी काय होती? ज्या जमिनी पाण्याखाली जाऊन अर्धशतक उलटले, त्यांच्या बदल्यात जमीन द्यावी, एवढीच. पहिली पिढी वाट पाहून मातीआड झाली. दुसरी पिढी संकलन याद्यांत आपल्या बापाचे नाव शोधीत म्हातारी झाली. तिसऱ्या पिढीच्या हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे आणि तो घेऊन ती मुंबईच्या गोदीत, बाजारात, चाळीत हमाली करीत आली आहे.

ही तुलना वाघिणीचा राग म्हणून केलेली नाही. तिने कोणाची जमीन बुडविली नाही. प्रश्न सरकारचा आहे. एका जिवाच्या स्थलांतरात जे सरकार इतके काटेकोर राहू शकते, त्यालाच हजारो माणसांच्या स्थलांतरात काटेकोरपणा का साधत नाही? साधत नाही, हे उत्तर खोटे आहे. साधावयाचे नसते.

कोयना धरणाचे काम १९५४ साली हाती घेण्यात आले आणि साठीच्या दशकाच्या प्रारंभी खोऱ्यात पाणी चढू लागले. शंभराच्या आसपास गावे त्याने कमी-अधिक गिळली. त्या वेळी महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. जमिनी गेल्या त्या १८९४ च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याने. पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. तोही सरकारच्या हृदयपरिवर्तनाने झाला नाही. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांची संघटना उभारली, म्हणून झाला. कोयनेच्या माणसाला मात्र तो पंधरा वर्षे उशिरा भेटला. मधल्या काळात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपाने उरलेली घरे पाडली आणि सुमारे १८० माणसे मारली.

मग आले अरण्य. १९८५ साली कोयना अभयारण्य घोषित झाले, ४२३ चौरस किलोमीटरांचे. त्याच्या दक्षिणेस चांदोली. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० साली दोहोंना जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात दोघांचीही नावे चढली. चार शिक्के पडले. प्रत्येक शिक्क्यामागे काही वाड्या उठल्या, काही अर्धवट उठल्या आणि काहींना नुसतेच ‘उठणार’ म्हणून लोंबकळत ठेवण्यात आले. धरणातून वाचून वर सरकलेल्या माणसाला अभयारण्याने पुन्हा गाठले. जगाच्या वारशाच्या यादीत ज्या डोंगराचे नाव आहे, त्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या नाचणी पिकविणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावरही राहू नये, हा या वारशाचा पहिला हिशेब.

येथे एका गैरसमजाची झाडाझडती घेणे अवश्य आहे, आणि तो गैरसमज चळवळीच्या घरातलाच आहे. पक्षीनिरीक्षण म्हटले की पुष्कळ कार्यकर्त्यांच्या ओठांवर हसू उमटते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, शनिवारी पहाटे पुण्याहून निघालेली मोटार: हा रिकामटेकड्यांचा शौक आहे, कष्टकऱ्याशी त्याचा काय संबंध, असे ते विचारतात. हा प्रश्न विचारणाऱ्यास कोयनेचे जंगल ठाऊक नाही, आणि कष्टकरीही पुरता ठाऊक नाही.

नवजाच्या किंवा हुंबरळीच्या बाजूने जो जंगलात शिरतो त्याला पक्षी आधी ऐकू येतो. ओढ्याकाठी शीळ घालणारा मलबारी कस्तूर. दाट सावलीत पोटाशी लाल रंग घेऊन निश्चल बसलेला कर्णा. जमिनीलगत सुळकन निघून जाणारा पाचू-कवडा. उंच फांदीवर निलगिरी रानपारवा. शेंड्यावरून शेंड्यावर झेप घेणारा शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणीच. आणि धनेश. कोकणात ककणेर, माडगरुड अशा नावांनी लोक त्याला ओळखतात. राखी धनेशाच्या खिदळण्याने येथील सकाळ भरून जाते. मोठा महाधनेश त्या मानाने दुर्मीळ.

या धनेशाचा संसार कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. जुन्या, जाडजूड झाडाची ढोली पाहून मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर यांच्या लिंपणाने दार आतून बंद करून घेते. उरते ती एक फट. पुढे कित्येक आठवडे, मोठ्या जातीत तर तीन-चार महिने, ती कोंडलेली राहते आणि तिला व पिलाला पोसतो तो नर, त्या फटीतून. उंबर, वड, पिंपरण यांची फळे तो आणतो. नर मेला तर ढोलीतला सारा संसार उपाशी मरण्याची पाळी येते. जुने झाड तुटले तर पुढील वर्षी संसारच नाही. ही फळे खाऊन धनेश बिया दूरवर टाकतो आणि डोंगर नव्याने उगवतो. म्हणजे हा पक्षी अरण्याचा बिनपगारी माळी आहे. त्याला लागते काय? शंभर वर्षांचे झाड आणि बारमाही उंबर. डोंगरातल्या माणसालाही तेच लागते. हिरडा वेचणाऱ्या बाईला, मध काढणाऱ्या गड्याला, झऱ्याचे पाणी हंड्यात भरणाऱ्या पोरीला कोळशासाठी बोडका झालेला डोंगर काय देणार? ठेकेदार डोंगर साफ करतो तेव्हा धनेशाची ढोली आणि गावचा झरा एकाच कुऱ्हाडीने जातात. तेव्हा पक्ष्याची चौकशी हा शौक नाही. सामायिक मालमत्तेचा तो पंचनामा आहे.

शिवाय ही विद्या शहरातून आलेली नाही. मारुती चितमपल्ली यांनी मराठीस पक्ष्यांची जी नावे मिळवून दिली त्यांपैकी कितीतरी आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडची आहेत. अभ्यासकाने ती कागदावर आणली, हे त्याचे मोठेपण. परंतु नाव ठेवणारा पक्षीनिरीक्षक अगोदर रानात होता, त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती एवढेच. १९६३ साली, धरणाच्या पाण्याने खोरे भरत होते त्याच सुमारास, हुंबरळीच्या परिसरातील एका छोट्या भेकाची शास्त्राच्या दप्तरी नोंद झाली आणि त्याच्या शास्त्रीय नावात कोयना गोवली गेली. पावसाळ्यात कातळावर साचणाऱ्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. हुंबरळीच्या गुराख्याला तो भेक त्यापूर्वी दिसला नसेल काय?

दुसऱ्या टोकाला निसर्गप्रेमींचा एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे सरळ असते: माणसे बाहेर काढा, जंगल आपोआप सावरेल. या मंडळींचे पक्ष्यांवरचे प्रेम खोटे नाही. त्यांनी केलेल्या नोंदी मोलाच्या आहेत आणि त्या नसत्या तर पुष्कळ अरण्ये कागदावरूनही पुसली गेली असती. परंतु ‘माणूस’ हा शब्द उच्चारताना ते कोणता माणूस डोळ्यांसमोर आणतात? जळणाची मोळी वाहणारा माणूस त्यांना दिसतो. ज्याच्या कारखान्यासाठी खोरेच बुडविले गेले तो दिसत नाही. कोयनेच्या १९६० मेगावॅट विजेवर महाराष्ट्रातले उद्योग उभे राहिले. दर साल साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेकडे सोडण्यास लवादाने मुभा दिली. सह्याद्रीच्या अरण्यावर आजवरचा सर्वांत मोठा घाला कोणी घातला असेल तर या जलाशयाने. नदीकाठचे सारे सखल रान त्याने बुडविले. त्या रानातल्या पक्ष्यांची शिरगणती कोणी केली नव्हती, म्हणून त्यांचा शोकही झाला नाही. याचा जाब मोळीवाल्यास विचारणे हा न्याय आहे काय?

आणि माणूस गेला की जंगल सावरते, हे तरी कितपत खरे? चांदोलीत गवे, सांबर जेथे चरतात ती मोकळी कुरणे म्हणजे बहुशः उठविलेल्या गावांची शेते आहेत. ती झुडुपांनी भरून जाऊ नयेत म्हणून आता वन खात्यालाच गवताची निगा राखावी लागते. शेतकऱ्याने मोकळे ठेवलेले रान शेतकरी गेल्यावर सरकारी खर्चाने मोकळे ठेवावयाचे! सांगली जिल्ह्यातील सागरेश्वराची गोष्ट याहून बोलकी. ओसाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीने आणि लोकांच्या श्रमाने तेथे रान उभे राहिले. बाहेरून हरणे आणून सोडली गेली. १९८५ साली, म्हणजे कोयनेच्याच वर्षी, त्याचे अभयारण्य झाले. पुढे तेथली चितळे इतकी वाढली की व्याघ्र प्रकल्पाला भक्ष्य कमी पडू लागले तेव्हा अलीकडे सागरेश्वराची चितळे चांदोलीस नेण्यात आली. लोकांनी वाढविलेल्या रानातून सरकारी रानाला उसनवारी! माणूस आणि वन्य प्राणी यांचे हाडवैर आहे असे सांगणाऱ्यांनी या उसनवारीचा अर्थ लावून दाखवावा.

परप्रांतांतही दाखले आहेत. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगराच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिग आदिवासींचे सामूहिक वनहक्क २०११ साली मान्य झाले. तेथून वाघ पळून गेले नाहीत. अरुणाचलात पक्केच्या परिसरात न्यिशी जमातीचे लोक, ज्यांच्या शिरोभूषणात धनेशाची चोच मिरवत असे, आज धनेशाच्या ढोल्यांची राखण करतात व त्याचा मोबदला घेतात. ज्याला झाड ओळखता येते त्यालाच राखणीस बसवावे, एवढी साधी अक्कल त्यात आहे.

परंतु माणसे विरुद्ध पक्षी या वादात कार्यकर्ते आणि निसर्गप्रेमी एकमेकांची डोकी फोडत असताना खरा उद्योग मागल्या दाराने चालू असतो. त्याची तीन ठिकाणे अभयारण्याच्या उंबरठ्यावरच आहेत.

पहिले चाळकेवाडीचे पठार. पवनचक्क्यांचे हे रान अभयारण्याच्या कडेलाच आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तेथे मोजमाप केले आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यांची धास्ती नाहीशी झाल्यामुळे सरडे वाढले आणि त्यांचे वागणेसुद्धा बदलले. ससाणा, गरुड हटला की खालची सारी घडी विसकटते, याचा हा सज्जड पुरावा. वाऱ्यापासून वीज करू नये, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण सड्यावरचे कातळ ‘पडीक’ ठरवून ते कवडीमोलाने कोणाकडून घेतले गेले, कोणाच्या नफ्यासाठी घेतले गेले, आणि ज्या डोंगरावर मोळी वाहणे हा गुन्हा त्याच्या शेजारच्या डोंगरावर लोखंडी खांब रोवणे ही प्रगती कशी, याचे उत्तर कोणी द्यावयाचे?

दुसरे ठिकाण शिवसागर जलाशयाच्या काठचे मुनावळे. धरणाच्या सुरक्षिततेचे कारण सांगून या पाण्यावर वर्षानुवर्षे निर्बंध होते. ते शिथिल करण्यात आले आणि मार्च २०२४ मध्ये तेथे जलपर्यटनाचे उद्‌घाटन थाटात झाले. आता धनेशाच्या रानाखालून यांत्रिक बोटी घरघरत जातात. त्याच पाण्यापलीकडे कांदाटी खोऱ्यातील गावे आहेत. बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयाचे तर त्यांना लाँचची आणि तराफ्याची वाट पाहावी लागत आली आहे. मौजेची बोट आधी आली. गरजेची बोट अजून वेळापत्रक पाहते.

तिसरे ठिकाण सर्वांत मोठे: नवीन महाबळेश्वर. २०१९ साली राज्य रस्ते विकास महामंडळास या गिरिस्थानाचे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. जावळी, पाटण, सातारा या तालुक्यांतील ५२ गावे तेव्हा त्यात होती. पुढे आकडा २३५ गावांवर गेला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाला डोंगराचे भवितव्य ठरवावयास बसविणे, यातच सारे आले. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीचे काय झाले, हे सर्वांसमोर आहे: उन्हाळी वाहनांची रांग, ओढ्यात मिसळणारे सांडपाणी आणि स्थानिकांच्या वाट्याला हॉटेलातले खरकटे. आता तोच प्रयोग व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत! ज्या माणसाला पंचवीस वर्षे सांगितले गेले की तुझ्या वाडीस रस्ता देता येत नाही, कारण अभयारण्य आहे, त्याला आता सांगितले जाते की डोंगरावर रुंद रस्ता येणार आहे, कारण पर्यटक आहे. अभयारण्याचा कायदा वाडीच्या पायवाटेपाशी लोखंडाचा असतो आणि भांडवलदाराच्या फाटकापाशी मेणाचा होतो.

येथे कोणी म्हणेल की जमिनी तर लोक आपखुशीने विकतात. पाथरपुंजाकडे पाहावे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या नोंदी ज्या गावाच्या नावावर आहेत, ते हे पाटण तालुक्यातील गाव. मळे, कोळणे आणि पाथरपुंज यांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडत गेले. अशा गावांतून उठण्याची मागणी गावकऱ्यांनी स्वतः केली, हेही खरे. पण ती कोणत्या अवस्थेत? शेतात गवे आणि रानडुकरे, नुकसानभरपाईसाठी हेलपाटे, वीज-रस्ता-शाळेचे नाव काढले की कायद्याचा बडगा. माणसाला श्वास घेणे अशक्य करावयाचे आणि तो दाराकडे धावला की ‘स्वेच्छेने बाहेर पडला’ अशी नोंद करावयाची, याला संमती म्हणत नाहीत. तरीही ज्यास जावयाचेच आहे त्याला लाभक्षेत्रात ओलिताची जमीन देऊन तत्काळ मोकळे केले पाहिजे. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबास मिळणारी रक्कम २०२१ साली दहा लाखांवरून पंधरा लाख झाली. पंधरा लाखांत कृष्णाकाठी किती गुंठे येतात, हे कऱ्हाडच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे.

कायदा मात्र माणसाच्या बाजूस उभा आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती सांगते की व्याघ्र प्रकल्पातून कोणासही उठविण्यापूर्वी त्याचे हक्क निश्चित झाले पाहिजेत, सहअस्तित्वाचा पर्याय तपासला गेला पाहिजे आणि ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती हवी. आधी हक्क, मग स्थलांतर. सरकारी व्यवहारात हा क्रम उलटा चालतो. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला, त्याचाही गाभा हाच होता की घाटात काय व्हावे आणि काय होऊ नये ते ग्रामसभांतून वर जावे. तो अहवाल सरकारने आधी दडविला, मग कस्तुरीरंगन समिती नेमून पातळ केला, आणि त्या पातळ केलेल्या शिफारशींच्याही मसुदा-अधिसूचना २०१४ पासून निघतच राहिल्या. सहावी जुलै २०२४ मध्ये निघाली. घाट वाचविण्याचा मसुदा दहा वर्षे मसुदाच राहतो, आणि घाट विकण्याचा आराखडा पाच वर्षांत प्रसिद्ध होतो!

गडचिरोलीच्या मेंढा गावाने २००९ सालीच सामूहिक वनहक्क मिळवून दाखविला. सातारा-सांगलीच्या डोंगरात तसा आग्रह फार थोड्या ठिकाणी धरला गेला, आणि याचा दोष सर्वस्वी वन खात्यावर टाकता येणार नाही. कारखान्याच्या निवडणुकीत रात्रंदिवस राबणारे कार्यकर्ते डोंगरावरच्या वीस घरांच्या वाडीत दावा भरावयास गेले नाहीत. वीस घरांत मते किती असणार!

आता तरी पाटण, जावळी, शिराळा तालुक्यांतील शाखांनी हे काम अंगावर घ्यावे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात व भोवतालच्या पट्ट्यात प्रत्येक वाडीची ग्रामसभा बोलवावी, वनहक्क समिती नेमावी आणि सामूहिक हक्काचा दावा दाखल करावा. नवीन महाबळेश्वराच्या आराखड्यावर ग्रामसभांचे ठराव गावोगाव घडवून आणावेत. पक्षी पाहावयास येणाऱ्यांचा राबता राहणारच. वाटाड्याचे काम, मुक्काम, होडी यांवरचा पहिला हक्क धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थेचा, अशी मागणी लावून धरावी. पुण्या-मुंबईच्या पक्षीमित्रांना या ग्रामसभांस आवर्जून बोलवावे. त्यांच्या नोंदवह्या दाव्यास पुरावा म्हणून उपयोगी पडतील, आणि संकलन यादी म्हणजे काय ते त्यांनाही कळेल.

दाव्याचा नकाशा काढताना चराई, हिरडा, झरे, देवराई, स्मशान यांच्या खुणा करण्याची रीत आहे. त्यात आणखी एक खूण घालावी. जानेवारीपासून धनेश ढोलीत बसू लागतो. त्या दिवसांत वाडीतील म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन डोंगर फिरावा, ज्या झाडांवर धनेश बसला असेल ती झाडे नकाशावर एकेक करून मांडावीत, आणि त्याखाली ग्रामसभेची सही घ्यावी.